आठळ्या परत यायच्या

आमच्या घरात फणस कधी विकत आणला नाही, आणि तरीही तो दर वर्षी असायचाच. गिरगावातल्या आमच्या वाडीत, चाळीच्या मागे एका ख्रिस्ती कुटुंबाची लहानशी लाकडी बंगली आहे, तिच्या अंगणात फणसाचं झाड आहे. फांद्या आमच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत शिरतात. फणस मात्र खोडाला लागतात. म्हणजे कचरा आमच्याकडे आणि फळं त्यांच्याकडे, असं माझे बाबा गमतीने म्हणायचे. गंमतच ती, कारण हे झाड मुळात आमच्याच आजोबांच्या आठळीचं. आजोबा गोदीत नोकरीला लागले तेव्हा गावाहून एक कापा फणस घेऊन आले होते, त्यातली एक आठळी त्या अंगणात रुजली. रुजवली होती की नुसतीच गॅलरीतून फेकली होती, यावर दोन्ही घरांत कधी एकमत झालं नाही.

तेव्हापासूनचा रिवाज असा, की झाड त्यांचं आणि कोयता आमचा. फणस उतरवून ते आमच्या गॅलरीत आणून ठेवायचे आणि फोडायचे बाबा. वर्तमानपत्रं पसरून, हाताला आणि कोयत्याला खोबरेल तेल चोपडून ते बसले की सगळा मजला भोवती गोळा व्हायचा. चीक पुसायला कागदाचे बोळे तयार ठेवायचे, मधला दांडा एका घावात मोकळा करायचा, आणि गरे सोडवताना आठळी आतच ठेवायची. मग प्रत्येक बिऱ्हाडात एकेक ताट जायचं. ताट रिकामं परत करायचं नाही हे तर सगळीकडेच असतं. आमच्याकडे ते ठरलेल्या गोष्टीने भरून यायचं. लोक गरे खायचे आणि धुतलेल्या आठळ्या त्याच ताटात घालून आईकडे परत पाठवायचे. अख्ख्या चाळीच्या आणि बंगलीच्या आठळ्या आमच्याकडे जमायच्या. आई त्या वाळवायची, गावाहून आणलेल्या तांबड्या मातीत घोळवायची आणि पत्र्याच्या डब्यात भरून खाटेखाली सरकवून द्यायची. पावसाळ्यात मासळी खाणाऱ्यांना मासळी महाग, आम्हाला भाज्या सडक्या, तेव्हा तो डबा बाहेर निघायचा. कधी आमटीत, कधी वालाच्या भाजीत, कधी नुसत्याच भाजून. मग पुन्हा ताटं निघायची. आमच्या चाळीतला फणस असा वर्षातून दोनदा वाटला जायचा.

झाडाची मालकीण ती आंटी. आईपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन वसईला. फाल्गुनाच्या सुमाराला कुयरी, म्हणजे भाजीचा कोवळा फणस, उतरवली की पहिली आमच्याकडे यायची. आई ती सोलून, उकडून, वरवंट्याने ठेचायची आणि हरभरे, सुकी मिरची, गुळाचा खडा आणि भरपूर ओलं खोबरं घालून भाजी करायची. अर्धी भाजी खाली जायची, कारण तो आंटीचा ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ असायचा आणि तिच्याकडे मटण बंद असायचं. दुसरी कुयरी ती आपल्या बाटलीमसाल्यात, वर्षभराचा कुटून बाटल्यांत भरलेला तो, मटणासारखी शिजवायची आणि तिची वाटी आमच्याकडे यायची. आम्ही शाकाहारी. मटण कसं लागत असेल याची माझी सगळी कल्पना त्या वाटीवर उभी आहे. मागे ऑफिसच्या लोकांबरोबर परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर झालेल्या एका हॉटेलात गेले होते. तिथे फणसाची बिर्याणी होती, आणि वाढपी आम्हाला समजावून सांगत होता की मांसाला हा अगदी नवा पर्याय आहे. नवा म्हणे.

फणसाबद्दल लोक काहीही बोलतात. तो सह्याद्रीतला, हजारो वर्षं इथलाच. मलबारातल्या लोकांनी ठेवलेलं चक्का हे नाव पोर्तुगीजांनी उचललं, त्यांच्याकडून इंग्रजांनी, आणि आता तेच जॅकफ्रूट म्हणून डब्यांवर छापून तो आपल्यालाच परत विकतात. हे मी कुठेतरी वाचलं आणि आंटीला सांगितलं, तर ती म्हणाली, आमच्यावर पण लोक पोर्तुगीजांनी आणलेले म्हणून शिक्का मारतात, आम्ही या झाडाएवढेच इथले. आणि ते कोकणी माणूस फणसासारखा, वरून काटे आणि आत गोडवा, हे तर ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. काटे आणि गऱ्याच्या मध्ये चीक असतो, त्याचं नाव कोणी काढत नाही. तो एकदा लागला की पाण्याने जात नाही, घासल्याने तर आणखी पसरतो. आमच्या दोन घरांमध्ये जे झालं ते मला त्या चिकासारखं वाटतं.

बाबांना साखर होती, ती हळूहळू किडन्यांवर गेली. निवृत्तीनंतर काही वर्षांतच आठवड्यातून तीन वेळा परळच्या इस्पितळात डायलिसिस सुरू झालं. मी अविवाहित, आई-बाबांबरोबर राहणारी, त्यामुळे ऑफिसच्या वेळा सांभाळून न्यायची-आणायची जबाबदारी माझी. तिथल्या आहाराच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. फळं बंद, शहाळं बंद, सुका मेवा बंद, मीठ नावाला. भाजी चिरून पाण्यात ठेवायची, उकडायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. रक्तात पोटॅशियम साठलं तर हृदय थांबू शकतं, एवढं आम्हाला कळलं होतं.

आईने हे सगळं व्रतासारखं धरलं. एकादशीला तिने कधी इतका नेम पाळला नसेल. भाजी एकदा नाही, दोनदा उकडायची. डाळीचं वरचं पाणी काढायची. पाहुण्यांनी आणलेली फळं दारातूनच परत करायची, त्यात दोन नातेवाईक कायमचे दुखावले. जेवणाला चव उरली नव्हती. बाबा, जे एकेकाळी सांदणांबरोबर नारळाचं दूध थोडं कमी पडलं तरी ताटावर चिडचिड करायचे, ते समोर येईल ते मुकाट्याने गिळायचे. ते गिळणं आई बघायची. मला वाटतं तिला त्यांच्या आजारापेक्षा ते जास्त लागायचं. चाळीस वर्षं ज्या माणसाला रांधून घातलं, त्याला आता रोज बेचव घालायचं, आणि वर त्यालाच पथ्य म्हणायचं.

त्या वर्षी फणस मी फोडला. बाबांच्या डाव्या हातात डायलिसिससाठी शीर जोडून फिस्टुला केला होता. त्या हातावर वजन नको, कापणं-खरचटणं तर अजिबात नको. तरी ते कोयत्याला तेल लावून बसलेच होते. आईने कोयता काढून घेतला आणि माझ्या हातात दिला. बाबा खुर्चीवरून सूचना देत राहिले आणि मी रागारागाने त्या चिकाशी झटत राहिले. अर्धे गरे फाटले. ताटं गेली, रिवाजाप्रमाणे आठळ्या परत आल्या. बाबांनी एकाही गऱ्याला हात लावला नाही. फक्त हाताला लागलेल्या तेलाचा वास घेत बसले होते.

पुढे आषाढात, एका सोमवारी सकाळी बाबांना खाटेवरून पाय उचलता येईना. ओठ निळसर, नाडी इतकी मंद की मला ती सापडेचना. टॅक्सीने परळला नेलं. डॉक्टरांनी रक्त पाहिलं आणि धावपळ सुरू झाली. पोटॅशियम भलतंच वाढलं होतं, थोडा उशीर झाला असता तर संपलंच होतं. बाबा वाचले. पण डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं की यांनी काय खाल्लं. आई म्हणाली, काही नाही, मी सगळं दोनदा उकडते. डॉक्टर म्हणाले, काहीतरी खाल्लंय, आणि एकदाच नाही, चार-सहा दिवस रोज खाल्लंय.

आम्ही टॅक्सीने परत आलो. वाडीत उतरल्यावर मात्र घरी न जाता ती सरळ बंगलीच्या पायरीशी गेली.

आता आंटीचं सांगायला हवं. रोज दुपारी आई जरा आडवी झाली की आंटी वर यायची आणि गॅलरीत बाबांच्या खुर्चीशेजारी बसायची. दोघं काय बोलायची देव जाणे. वाडीच्या पुनर्विकासाचं, गुडघ्यांचं, कोण गेलं त्याचं. तिच्या हातात झाकणाचा एक छोटा स्टीलचा डबा असायचा. त्यात काय आहे हे कोणी विचारलं नाही. आमच्या वाडीत माणूस हातात डबा घेऊन आला तर त्यात नवल नव्हतं, रिकाम्या हाताने आला तर होतं. तासाभराने ती उठायची आणि जिना उतरताना तिच्या चपला वाजायच्या आणि तो डबा खुळखुळायचा. मधे आठवडाभर ती मुलीकडे वसईला गेली होती. रविवारी परतली, दुपारी येऊन बसली, आणि सोमवारी बाबा कोसळले.

आईने दोन अधिक दोन चार केले. तिच्या मते आंटी त्या डब्यातून बाबांना लपवून गरे भरवत होती. कोपऱ्यावर तेव्हा गऱ्यांची पाकिटं मिळतच होती, हेही तिने त्यात बसवून टाकलं. चार-सहा दिवस रोज, असं डॉक्टर म्हणाले होते आणि आंटी तर आठवडाभर इथे नव्हती, हे मी म्हणून पाहिलं. पण माणसाला एकदा कोणावर तरी चिडायचंच असतं तेव्हा तारखा कोण बघतो?

"माझ्या माणसाचा जीव घेतला असतास," आई पायरीवर उभी राहून म्हणाली. "पुन्हा आमचा जिना चढू नकोस."

वाडीतली माणसं गॅलऱ्यांत आली होती. आंटीने आईकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "बरे हायेत ना आता ते?"

त्या संध्याकाळी आईने घरात असलेलं आंटीचं ताट घासलं, पुसलं आणि तिच्या पायरीवर नेऊन ठेवलं. रिकामं. आमच्या दोन घरांत तीन पिढ्यांत हे झालं नव्हतं. मी वरून पाहत होते. आंटीने दार उघडलं, ताट पाहिलं, ते उचललं आणि दार लावून घेतलं.

बाबा घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी ऑफिसातून दुपारीच निघाले. जिन्यातच मला भाजलेल्या आठळ्यांचा वास आला. आई तव्यापाशी होती. गरम आठळ्यांची वरची कडक साल काढून, आतला तपकिरी पापुद्राही नखाने खरवडून ती एका वाटीत घालत होती. सात-आठ असतील. मी विचारलं की हे कोणासाठी. ती म्हणाली, बाबांसाठी, रोज देते, पावसाळा लागल्यापासून. मीठ नाही हो लावत, म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जी काय चमक होती ती मला अजून दिसते. त्यांचं रक्त कमी आहे असं डॉक्टर म्हणाले होते ना, तर फोनवर कोणीतरी पाठवलं होतं, आठळ्यांनी रक्त वाढतं म्हणून. मी म्हणाले, अगं, पण त्यांना फणस बंद आहे. त्यावर तिने, वेड्या मुलीला समजवावं तसं मला समजावलं.

"फळ बंद आहे. ही बी आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आम्ही साऱ्या गावाला दोष देत होतो आणि आठळ्या आमच्याच खाटेखाली होत्या. तिचं तर्कशास्त्र तिच्यापुरतं बरोबरच होतं. आमच्याकडे फणस आणि आठळी या दोन वेगळ्या वस्तू. फणस वैशाखाचा, आठळी आषाढाची. गरा फळात जमा, आठळी कडधान्यात. इस्पितळातल्या बाईंनी केळं म्हटलं, आंबा म्हटलं, शहाळं म्हटलं, आठळी कोण कशाला म्हणेल? त्यांनी ती आयुष्यात पाहिली तरी असेल का, कोण जाणे.

मी वाटी हातातून घेतली. मला ओरडायचं होतं. माझा स्वभाव तसा आहे, मी ओरडते आणि मग मोकळी होते. पण तिच्या बोटांची नखं काळी पडली होती, पापुद्रे खरवडून. मी म्हणाले, डॉक्टरांनी आज सांगितलंय, चणे, दाणे, आठळ्या, वातुळ सगळं बंद, पोटात वायू धरतो. आठळ्या वातुळ असतात हे तिलाही ठाऊक होतं. ती थोडी हिरमुसली, आणि तिने तवा उतरवला. दुसऱ्या दिवशी मी इस्पितळात फोन करून विचारलं. उत्तर मला माहीत होतंच.

रात्रीचं जेवण झाल्यावर आई नळावर गेली तेव्हा मी बाबांजवळ बसले. मी काही विचारायच्या आधीच तेच बोलले.

"तिला सांगू नकोस," ते म्हणाले. "मी गेल्यावरसुद्धा नाही. शपथ आहे तुला."

म्हणजे त्यांना माहीत होतं. डायलिसिसच्या खोलीतल्या माणसाला त्यांनी केव्हाच विचारलं होतं. तोपर्यंत आई दोन आठवडे रोज आठळ्या भाजून देत होती. आता नको म्हटलं तर ती विचारणार का, आणि का ते कळलं तर ती अन्न सोडेल, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, मग आंटीचं काय? ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरही कोणी नव्हता. एकीकडे माझी आई, जिने प्रेमाने विष दिलं होतं, आणि दुसरीकडे एक म्हातारी बाई, जिच्याकडे वाडी आता तिरक्या नजरेने बघत होती. आई फोनवर मावशीला सांगायची, मामीला सांगायची, की शेजारणीने घात केला. दर वेळी शब्द माझ्या ओठांपर्यंत यायचे. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी माझी गत. खरं बोलले तर आई जन्माची मोडणार, गप्प बसले तर आंटी.

शेवटी मी आंटीकडे गेले. निदान तिला तरी कळायला हवं की मला खरं माहीत आहे. ती स्वयंपाकघरात बोंबील निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि मग म्हणाली की तिला हे पहिल्यापासून माहीत होतं. मी चक्रावले. तिने मांडणीवरून तो स्टीलचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला.

बाबांनीच तिला सांगितलं होतं. आई आठळ्यांची वाटी देऊन आडवी व्हायची, आंटी रिकामा डबा घेऊन यायची आणि बाबा त्या आठळ्या तिच्या डब्यात घालायचे. गॅलरीतून फेकाव्या तर खालचे बघणार, उशीखाली ठेवाव्या तर आई झटकताना सापडणार. म्हणून हा डबा. मी विचारलं, तू काय करायचीस त्यांचं? म्हणाली, खायची, तुझ्या आईच्या हातच्या, टाकू कशा? मग मुलीला बरं नव्हतं म्हणून ती आठवडाभर वसईला गेली. डबा आला नाही. आणि बाबांनी त्या आठ दिवसांतली वाटी रोज स्वतः संपवली.

"आवडायच्या पण त्यांना," आंटी म्हणाली. "खोटं कशाला बोलू."

ज्या डब्यावरून तिला गुन्हेगार ठरवलं, त्याच डब्याने बाबांना महिनाभर जगवलं होतं. मी म्हणाले, मी आईला सांगते, शपथ गेली खड्ड्यात. आंटीने बोंबलाचे हात तसेच हवेत धरले आणि मान हलवली.

"नको, बाय. ती माझ्यावर रागावलीय ना, रागावू दे. माझ्यावरचा राग गेला तर ती तो कुणावर काढेल?"

मला या चांगुलपणाचा तेव्हा राग आला, आजही येतो. बाबांचा चांगुलपणा, आंटीचा चांगुलपणा, आणि मध्ये मी, तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारी. सगळ्यांनी एकमेकांना इतकं जपलं की खरं बोलायला जागाच उरली नाही. चार शब्द वेळेवर बोलले असते तर ना डबा लागला असता ना इस्पितळ. पण मीही बोलले नाही. आंटीच्या घरून निघाले, जिना चढले, आणि आईला म्हणाले की खाली वाण्याकडे गेले होते.

मार्गशीर्षात बाबा गेले. आठळ्यांनी नाही, डायलिसिस चालू असतानाच हृदय थकलं. डॉक्टर म्हणाले, हे होणारच होतं. आंटी जिन्याच्या तळाशी उभी होती, काळा झगा घालून. वर आली नाही, कारण तिला जिना चढू नकोस म्हणून सांगितलेलं होतं. बाबांना खाली आणलं तेव्हा तिने दोन्ही हात जोडले आणि मग छातीवर क्रूस केला. आईने तिच्याकडे पाहिलं.

त्यानंतर आईने आंटीचं नाव काढणं थांबवलं. मावशीकडेही नाही, मामीकडेही नाही. मला वाटलं, दुःखात राग विरला असेल. खाटेखालचा आठळ्यांचा डबा मात्र तसाच होता. झाडलोट करताना आई तो बाहेर काढायची, खालची फरशी पुसायची आणि पुन्हा आत ढकलायची. उघडायची नाही, टाकायचीही नाही. फाल्गुनात कुयरी आली नाही. आंटीला पाठवायचीच नव्हती की आई ती परत करेल असं तिने धरलं होतं, मला माहीत नाही. त्या वर्षी झाडाला फणसही जास्त राहिले, कोवळे कोणी उतरवलेच नाहीत म्हणून. वैशाखात ते पिकले आणि वास आमच्या गॅलरीत घुमू लागला. फणस पिकला की लपत नाही. एक खाली पडून फुटलाही, त्यावर माश्या बसल्या. तो कोणी उचलला नाही.

मग एका रविवारी सकाळी आई म्हणाली, जा, एक उतरवून घेऊन ये. मी कोणाला विचारायचं म्हणून थांबले, तर म्हणाली, विचारायचं काय त्यात, आठळी आपली होती. मी गेले. आंटीने खिडकीतून पाहिलं आणि खिडकी उघडी ठेवली. फणस मीच वर आणला, गॅलरीत कागद पसरले, तेल घेतलं. बाबांची खुर्ची तिथेच होती, आई तिच्यावर बसली नाही, शेजारी जमिनीवर बसली. या वेळी गरे फाटले नाहीत. आईने पहिलं ताट देवाला नाही दाखवलं, कोणा बिऱ्हाडात नाही पाठवलं. ते घेऊन ती स्वतः जिना उतरू लागली. मी मागे गेले.

आंटी पायरीवर आली. आईने ताट पुढे केलं नाही, दोन्ही हातांत धरून ठेवलं.

"त्या डब्यात काय असायचं?"

आंटीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी कोणाला सांगितलं नव्हतं, एवढंच मी मान हलवून सांगू शकले.

"गरे," आंटी म्हणाली. "मीच द्यायची त्यांना. माझं चुकलं."

"येताना डबा वाजायचा नाही. जाताना वाजायचा," आई म्हणाली. "मी आत जागीच असायचे. गरे वाजत नाहीत."

मला तेव्हा समजलं की तिला माहीत आहे. केव्हापासून, ते मी कधी विचारलं नाही. कदाचित बाबांना खाली आणलं त्या दिवसापासून, कदाचित मी वातुळ म्हणाले त्या दुपारपासूनच. जे लपवायला आम्ही तिघांनी इतकं खोटं रचलं ते तिने एकटीने, खाटेखालच्या त्या डब्याभोवती झाडू फिरवत, महिनोन्महिने धरून ठेवलं होतं. मला तिला मिठी मारायची होती आणि माझे हात चिकाने माखलेले होते.

आंटी पायरीवर बसली आणि बाजूला सरकली. आई बसली. ताट मांडीवरच.

"सगळ्या द्यायचे तुला?"

"एक ठेवायचे," आंटी म्हणाली. "तू संध्याकाळी विचारायचीस ना, कशी झालीय म्हणून. सांगता यायला पायजे, म्हणून एक खायचे."

आईने ताट मांडीवरून उचलून दोघींच्या मध्ये ठेवलं.

"खमंग," ती म्हणाली. "रोज तेच सांगायचे."